लातूरला शिकणाऱ्या मुलीला इन्स्टावर धमक्या यायलेत, काय करावं?

केजची_माय:

नमस्कार सगळ्यांना. मी केज तालुक्यातली, अंगणवाडीत सेविका आहे. माझं नाव गाव लिहीत नाही, समजून घ्या.

मुलगी १६ वर्षांची आहे. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून अकरावीला लातूरला घातलं, नीटचा म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावला, चौघीजणी मिळून खोली करून राहतात, मेस आहे. क्लासचं सगळंच व्हॉट्सॲपवर असतं, टेस्टचं टाइमटेबल, नोट्स, डाउट, रिझल्ट, त्यामुळं मोबाइल द्यावाच लागला, आणि लांब राहते तर आपल्यालाही आवाज ऐकल्याशिवाय झोप येत नाही.

आता सुट्टीला घरी आली तर नीट जेवायली नाही, मोबाइल सारखा पालथा ठेवायची आणि वाजला की दचकायची. रात्री भांडी घासताना मीच विचारलं काय झालं गं तर रडायलाच लागली. इन्स्टावर एक मुलगा, मी पण तुझ्याच बॅचचा आहे म्हणून बोलायला लागला, बायोच्या नोट्स पाठवल्या आणि नोट्स खऱ्या होत्या, आमच्याच क्लासचा शिक्का असलेल्या, मग हिला खरं वाटणारच ना. मग अभ्यास राहिला बाजूला, बाकीचंच बोलणं, मग फोटो पाठव म्हणाला. हिनं नाही म्हणलं, नंतर बोलणंच बंद केलं. तर हिच्याच प्रोफाइलवरचा दहावीच्या निरोप समारंभातला साडीवरचा फोटो घेऊन त्यानं कसल्यातरी ॲपवर त्यावरून हिचा घाणेरडा फोटो बनवला आणि हिलाच पाठवला. म्हणतो खरा पाठव नाहीतर हाच तुझ्या गावच्या ग्रुपवर टाकतो. गावाचं नाव, माझं नाव, मामाच्या दुकानाचं नाव सगळं त्याला माहीत आहे.

मालकांना अजून सांगितलं नाही, तापट आहेत. मोठ्या दिरांना थोडी कुणकुण लागली तर ते म्हणायलेत पोरगी परत आणा, एक स्थळ आलेलंच आहे, उरकून टाकू. आणि पोरगी माझा हात धरून पहिलं काय म्हणाली तर मम्मी शिक्षण बंद करू नको. फोटोचं तिनं नंतर सांगितलं, आधी हे.

मी अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपची माहिती मोबाइलवर भरते त्यामुळं मोबाइल मला कळतो पण हे इन्स्टा, स्नॅप मला काही कळत नाही. आता लगेच काय करायचं, पोलिसात गेलं तर मुलीचं नाव बाहेर येईल का, आणि तिच्या मोबाइलमधे काय काय बंद करून ठेवायचं म्हणजे परत असं होणार नाही? घरी आठवीतलं पोरगं पण आहे, त्याचंही टेन्शन आलंय आता. लवकर सांगा कोणी जाणकार असेल तर.

झेडपी_गुरुजी:

ताई, परभणीकडं माध्यमिकला शिकवतो. तुमच्या लेकरानं तुम्हाला सांगितलं ही फार मोठी गोष्ट आहे, तिला आज रात्री एवढंच म्हणा की तुझी काही चूक नाही आणि शिक्षण बंद होणार नाही. हे दोन वाक्य नुसते मनात ठेवू नका, तोंडानं बोला, लेकरं ते ऐकायची वाट बघत असतात.

आता कामाचं. त्या पोराला काही उत्तर द्यायचं नाही, विनवण्या करायच्या नाहीत, शिव्या पण द्यायच्या नाहीत, पैसे मागितले तर एक रुपया द्यायचा नाही, कारण एकदा दिलं की तो थांबत नाही, वाढवतो. आणि घाबरून चॅट डिलीट करू नका, बरेच जण इथंच फसतात, लेकरू लाजेनं सगळं पुसून टाकतं आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काहीच राहत नाही. आधी स्क्रीनशॉट काढा, नोट्स पाठवल्या तिथपासून धमकीपर्यंत, तारीख वेळ दिसली पाहिजे. त्याची प्रोफाइल उघडून वरचं युजरनेम दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलची लिंक कॉपी करून कागदावर पण लिहून ठेवा, कारण दिसायला असतं ते नाव तो कधीपण बदलू शकतो. जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग लावून पूर्ण चॅट वरून खाली सरकवत न्या. हे झाल्यावर मगच त्याला रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा, आधी नाही.

तो बनवलेला फोटो दिराला, मामाला, मैत्रिणीला कोणालाच पाठवू नका, बघा हो काय केलं म्हणून सुद्धा नाही. पोलिसांना द्यायला ठेवा, बाकी कुठंच नाही.

मालकांना सांगावं लागेल आणि लवकर सांगावं लागेल, दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर जास्त भडकतील. एकटीनं सांगू नका. ते ज्याचं ऐकतात असा कोणी असेल, मेहुणा, शाळेतले जुने सर, त्याला आधी समजावून सोबत घ्या, आणि मुलगी समोर नसताना सांगा. पहिला राग निघून जाऊ द्या मग लेकराशी बोलू द्या.

एक गोष्ट मी इतक्या वर्षांत बघत आलोय. आपल्या भागात पोरीच्या मोबाइलचं काही निघालं की मोबाइल काढून घेतात, शाळा बंद होते आणि सहा महिन्यात पत्रिका छापून येते. पोरींना हे पक्कं माहीत असतं म्हणून त्या महिनोन्महिने गप्प राहतात आणि एकट्या सोसतात. आणि त्या पोराला पण माहीत असतं, म्हणूनच तो पोलिसाची नाही, गावच्या ग्रुपची धमकी देतो. त्याचा सगळा जोर तुमच्या घराच्या भीतीवर आहे. घर मुलीच्या मागं उभं राहिलं की त्याच्याकडं काही उरत नाही. तुमच्या दीरभाऊंना हे जरूर सांगा, की ते जे म्हणायलेत तेच त्या पोराला पाहिजे आहे.

गेवराईचा_शेतकरी:

ताई वाईट वाटलं वाचून, पण स्पष्ट बोलतो राग मानू नका. बारावी होईपर्यंत पोरापोरींना मोबाइल द्यायचाच कशाला? साधा बटणाचा द्या, बोलणं होतं की. माझ्या दोन्ही लेकरांना मी दिला नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशानं १६ च्या आतल्या लेकरांना हे इन्स्टा फेसबुक बंद केलं डिसेंबर २०२५ पासून, त्यांना कळतं आणि आपल्याला कळत नाही का?

वकीलताई_संभाजीनगर:

मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करते, पॉक्सोच्या म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या केसेस चालवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ताई, मुलगी १८ च्या आत आहे म्हणजे कायद्यानं ती बालक आहे आणि तुमच्या प्रकरणाला पॉक्सो कायदा २०१२ लागतो. बऱ्याच जणांना वाटतं फोटो खोटा आहे, ॲपवर बनवलाय, अजून कुठं टाकलेला नाही, मग केस कशाची. तर कलम ११ वाचा. मुलाच्या शरीराचं खरं किंवा बनवलेलं चित्र कुठल्याही माध्यमातून वापरीन अशी नुसती धमकी देणं हासुद्धा गुन्हा त्यात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि कलम १२ मधे त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. म्हणजे त्यानं फोटो टाकायची वाट बघत बसायची गरज नाही, गुन्हा झालेला आहे. शिवाय आयटी कायद्याचं कलम ६७ ब आहे, बालकाचं अश्लील साहित्य तयार करणं आणि फिरवणं दोन्ही त्यात येतं, पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. हे फिरवणाऱ्यालाही लागतं, गुरुजींनी तो फोटो कोणालाच पाठवू नका म्हणलं ते अगदी बरोबर आहे, गावात कोणी गंमत म्हणून पुढं ढकलला तर तोही त्यात अडकतो.

नाव बाहेर येण्याचं. पॉक्सोमधे मुलीची ओळख उघड करायला मनाई आहे, पेपरवाल्यांनी नाव, पत्ता, शाळा, फोटो, घरच्यांची माहिती काही छापायचं नाही, कलम २३. जबाब कसा घ्यायचा तेही कायद्यात लिहिलंय, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, उपनिरीक्षक दर्जाच्या खालच्या नाही, आणि वर्दी न घालता. रात्री मुलीला ठाण्यात थांबवता येत नाही. जबाबाच्या वेळी आई सोबत बसू शकते. हे तुमचे हक्क आहेत, कोणी ठाण्यात म्हणलं की मुलीला इथंच बोलवा सगळ्यांसमोर, तर कलम २४ आणि २६ चं नाव घ्या आणि शांतपणे नाही म्हणा.

मुलगी लातूरला, तुम्ही केजला, पोरगा कुठला माहीत नाही, मग हद्द कोणाची म्हणून परत पाठवू देऊ नका. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे त्यात तो कलम १७३ मधे लिहूनच दिलाय. बीडला सायबर पोलीस ठाणं आहे, तिथं गेलात तर उत्तम, तांत्रिक बाजू त्यांना लवकर कळते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर पण तक्रार करता येते, त्यात महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे. १९३० हा नंबर पैशाची फसवणूक झाली की लगेच लावायचा. मुलांसाठी १०९८ आहे, चोवीस तास चालतो, मुलगी स्वतःसुद्धा लावू शकते. मुलगी रात्री झोपत नसेल, नको ते बोलत असेल तर १४४१६, टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. हा नंबर आजच तिच्या मोबाइलमधे सेव्ह करून द्या, आणि काही दिवस तिला एकटीला झोपू देऊ नका.

आणि दीरांच्या स्थळाचं. १८ च्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि त्यांना मदत करायची जबाबदारी अंगणवाडी सेविकेवर, म्हणजे ताई तुमच्यावरच. तुम्ही दुसऱ्यांच्या घरचे बालविवाह थांबवायला जाता, तोच अधिकार तुमच्या घरात पण चालतो. हे दीरांना तुम्ही सांगू शकता आणि ऐकलं नाही तर ग्रामसेवक सांगतील.

एक शक्यता डोक्यात ठेवा, खऱ्या नोट्स पाठवल्यात म्हणजे तो पोरगा खरंच क्लासमधला, १६-१७ वर्षांचा असू शकतो. तसं असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जाईल. पण तो लहान आहे म्हणून तक्रारच करायची नाही असं कोणी क्लासवाला समजवायला आला तर ऐकू नका, मिटवून घ्या म्हणणारे खूप भेटतात.

केजची_माय:

वकीलताई, गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडू. कलम ११ चं वाचून दाखवलं तर मुलगी पहिल्यांदा नीट बसून बोलली, म्हणाली म्हणजे फोटो खोटा असला तरी माझं ऐकतील? तिला हेच वाटत होतं की कोण विश्वास ठेवणार. गेवराईचे भाऊ, तुमचं पण बरोबर असेल हो, पण क्लासची टेस्ट ॲपवर असते, बटणाच्या मोबाइलवर कशी देणार. माझा भाऊ येणार आहे सांजच्याला, त्याच्यासोबत मालकांना सांगते. तोपर्यंत कोणी मोबाइलचं सांगा ना काय काय बंद करायचं.

नांदेडचा_कोडर:

काकू मी सांगतो, इंजिनिअरिंगला आहे नांदेडला, आमच्या गल्लीतल्या बऱ्याच लहान भाऊबहिणींचे मोबाइल मीच सेट करून देतो.

इन्स्टा पहिलं. तिचं अकाउंट उघडताना जन्मसाल काय टाकलंय ते बघा. बहुतेक पोरांनी सातवी आठवीतच, १३ वर्षांच्या खाली असताना अकाउंट काढलेलं असतं, मग १३ ची अट असते म्हणून साल मागचं टाकतात आणि आता इन्स्टाला वाटतं ही २० वर्षांची आहे. त्याचा तोटा असा की १८ खालच्यांसाठी जे टीन अकाउंट आहे ना, भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आलंय, ते हिला लागूच होत नाही. टीन अकाउंट असलं की अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, तासभर झाला की आठवण येते. १६ च्या आतल्या लेकरांना हे ढिलं करायचं असेल तर आईबापाची परवानगी लागते. तुमच्या आठवीतल्या पोराचं अकाउंट असेल तर खरं साल टाकून घ्या. तुमची मुलगी १६ ची आहे म्हणजे ती बऱ्याच सेटिंग स्वतः बदलू शकते, म्हणून तिच्यासोबत बसून सुपरव्हिजन चालू करा, त्यात तुम्हाला ती गेल्या ७ दिवसात कोणाशी बोलली ते दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. मला हे योग्य वाटतं, १६ वर्षांच्या मुलीचे मेसेज वाचत बसलात तर ती दुसरं अकाउंट काढेल जे तुम्हाला माहीतच नसेल.

प्रायव्हेट केलं म्हणजे झालं असं नाही. आधीपासून जे फॉलोअर आहेत ते तसेच राहतात. यादी उघडा आणि एकेक नाव विचारा, हा कोण, ही कोण, प्रत्यक्षात भेटलीस का कधी. ज्याला भेटलेली नाही त्याला काढून टाका, त्याला कळत पण नाही काढलेलं. प्रोफाइलवरच्या बायोमधे, म्हणजे स्वतःच्या माहितीत, क्लासचं नाव, बॅच, गाव लिहिलेलं असतं पोरापोरींनी, नीट अमुक साल, अमुक क्लास, लातूर, असं, त्यावरूनच त्या पोरानं मी तुझ्याच बॅचचा असं म्हणलं असेल. ते सगळं काढा. खोलीच्या खिडकीतून दिसणारी मेसची पाटी, शाळेचा युनिफॉर्म, स्कूटीची नंबर प्लेट, जुन्या पोस्टमधे असं काही असेल तर ते पण.

स्नॅपचॅट असेल तर नकाशा उघडा, त्यात घोस्ट मोड लावलेला आहे का बघा, लोकेशन शेअर करणं चालू असेल तर तिची खोली कुठं आहे ते मित्रयादीतल्यांना नकाशावर दिसू शकतं. मुलींनी एकट्या राहायच्या ठिकाणी तर हे सगळ्यात आधी करायला पाहिजे.

व्हॉट्सॲपला प्रायव्हसीमधे डीपी फक्त कॉन्टॅक्टला, लास्ट सीन तसंच, ग्रुपमधे कोण ॲड करू शकतं तिथं पण फक्त माझे कॉन्टॅक्ट करा, क्लासच्या ग्रुपमधे शेकडो पोरं असतात आणि तिथून नंबर उचलतात. अनोळखी कॉल सायलेंट करायचं बटण आहे ते चालू करा. टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा. लिंक्ड डिव्हाइस उघडून बघा, तिथं कुठला कॉम्प्युटर दिसतो का जो तिचा नाही, असेल तर लॉगआउट. टेलिग्रामला नंबर कोणालाच दिसणार नाही असं करा, नीटच्या पोरांचं अर्धं जग टेलिग्रामवर असतं, नोट्स पण तिथं आणि पेपर फुटलाय पैसे टाका म्हणणारे चोर पण तिथंच. २०२५ च्या नीटआधी ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएनंच असल्या दाव्यांची तक्रार करायला पोर्टल उघडलं होतं एवढं ते वाढलंय.

आता त्या फोटोचं. टेक इट डाउन म्हणून एक सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एनसीएमईसी संस्थेची, कुठल्याही देशातल्या १८ खालच्या मुलांसाठी फुकट. तिथं फोटो अपलोड करायचा नसतो, फोटो तुमच्याच मोबाइलमधे राहतो, त्यावरून फक्त एक डिजिटल ठसा म्हणजे आकड्यांची मोठी ओळ तयार होते, ती ओळ इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅट यांच्याकडं जाते आणि तोच फोटो कोणी टाकला की त्यांना ओळखता येतो आणि काढता येतो. नाव पण द्यावं लागत नाही. पण व्हॉट्सॲपवर हे चालत नाही कारण तिथले मेसेज एन्क्रिप्टेड असतात, कंपनीला पण दिसत नाहीत. म्हणून गावच्या ग्रुपचा ॲडमिन विश्वासाचा असेल तर त्याला माहीत असू द्या की ॲडमिन ग्रुपमधला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. त्याला मुलीचं काही सांगायची गरज नाही, एवढंच सांगा की कोणी घाण टाकली तर आधी नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट आणि लगेच डिलीट.

कंपन्यांना पण कायदा आहे, २०२१ चे आयटी नियम आले तेव्हाच असले फोटो तक्रार आल्यापासून २४ तासात काढायचे असं त्यात घातलं होतं. रिपोर्ट करताना नग्नतेचा पर्याय निवडा, नुसतं स्पॅम नका निवडू.

शिरूरकासारकर:

मी ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहावर काम केलंय, म्हणून पोरांचं पण लिहितो, कारण सगळी चर्चा पोरींवरच चालते आणि पोरं त्यांच्या त्यांच्या गोष्टीत मरायलेत.

दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात ते उन्हाळ्यापर्यंत, लेकरं आजीआजोबांकडं. मोबाइल तर ठेवून जावाच लागतो, त्याशिवाय आई लेकराशी बोलणार कशी. आजोबांना तो उघडता पण येत नाही. मग रात्री दहाच्या पुढं नववीतलं पोरगं त्या मोबाइलसोबत एकटं असतं. कुठल्यातरी मुलीच्या नावानं रिक्वेस्ट येते, गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल, कॉलवर नको ते दाखवतात, पोरालाही करायला लावतात आणि तिकडून रेकॉर्ड करतात. पाच मिनिटात मेसेज येतो, पैसे टाक नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअरला पाठवतो, आणि फॉलोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट पण लावतात. आईबापाच्या उचलीचे पैसे आजोबांच्या खात्यात, पोराला पिन माहीत. माझ्या माहितीतल्या एका पोरानं असेच पैसे टाकले, मग परत मागितले, परत टाकले, शेवटी पोरगं शेताकडं निघून गेलं होतं, चुलत्यानं बघितलं म्हणून वाचलं. त्याला नंतर विचारलं कामून सांगितलं नाहीस तर म्हणाला पप्पा कारखान्यावर, आजोबाला काय सांगू.

म्हणून आम्ही वसतिगृहात एक केलं, हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक लेकरासाठी एक माणूस ठरवायचा, लेकरानंच निवडायचा, चुलती असो, बाई असो, मोठी बहीण असो. त्याला लेकरासमोरच सांगायचं की हा रात्री दोन वाजता जरी आला आणि काहीही सांगितलं तरी आधी ऐकायचं, मारायचं नाही, आईबापाला फोन कधी करायचा ते दोघांनी मिळून ठरवायचं. मला विचाराल तर सगळ्या सेटिंगपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. पैसे गेले असतील तर १९३० ला जेवढ्या लवकर लावाल तेवढे पैसे थांबायची शक्यता जास्त, तास दोन तासानं पण फरक पडतो.

दुसरं पोरांचं म्हणजे रील. आपल्या बीड जिल्ह्यात तर कमरेला खोटं पिस्तूल खोचून, तलवारीनं केक कापून, भाईच्या नावाची गाणी लावून रील टाकायचं वेड लागलंय. पोलिसांनी असल्या रीलवरून गुन्हे नोंदवलेत, आणि जातीवरून, धर्मावरून स्टेटस ठेवल्यावर तर अख्खं गाव पेटतं. पोराला वाटतं चोवीस तासात स्टेटस जातं, पण स्क्रीनशॉट जात नाही, आणि पुढं पोलीस भरतीला गेल्यावर चारित्र्य पडताळणीत गुन्ह्याची नोंद निघते. आमच्याकडं निम्मी पोरं पहाटे उठून भरतीसाठीच पळतात, त्यांना हे एवढं सांगितलं तरी लगेच कळतं. ताई तुमच्या आठवीतल्या पोराशी हेपण बोलून घ्या.

गेवराईचा_शेतकरी:

वाचलं सगळं. शिरूरच्या भाऊनं पोराचं लिहिलं ते वाचून पोटात कालवलं. मी तरी म्हणतोच की जितकं उशिरा देता येईल तितकं उशिरा द्या, आठवीच्या लेकराला स्वतःचा मोबाइल नकोच, घरचा एक असावा आणि तो रात्री बापाच्या उशाला. पण एक विचारतो, आमचं थोरलं दुसऱ्याच्या मोबाइलवर इन्स्टा बघतं असं त्याच्या सरांनी सांगितलं परवा. मग काय करावं?

झेडपी_गुरुजी:

भाऊ, तुमचं रात्री उशाला ठेवायचं मला शंभर टक्के पटतं, शाळेत सकाळी पेंगणारी लेकरं मी रोज बघतो. ऑस्ट्रेलियाचं पण तुम्ही बरोबर लिहिलं, फक्त तिथं दंड कंपनीला आहे, लेकराला नाही आणि आईबापाला पण नाही. आपण उलटं करतो, कंपनीला कोणी काही विचारत नाही आणि पोरीची शाळा बंद करतो.

दुसऱ्याच्या मोबाइलवर बघतो म्हणजे त्याचं अकाउंट त्या मित्राच्या मोबाइलमधे लॉगिन राहत असेल, पासवर्ड त्या मित्राला माहीत असेल, हा धोका घरच्या मोबाइलपेक्षा मोठा आहे. तुम्ही चिडून विचारू नका, जेवताना सहज म्हणा की दाखव बरं काय असतं त्यात, मला पण बघू दे. रविवारी तुमच्या मोबाइलवर त्याच्यासोबत बसून अकाउंट उघडा, जन्मसाल खरं टाका, बाकीच्या मोबाइलमधून लॉगआउट करा, पासवर्ड बदला. नुसती बंदी घातलेल्या घरातलं लेकरू फसलं की सांगत नाही, कारण आधी बंदी मोडल्याचं सांगावं लागतं.

केजची_माय:

मालकांना सांगितलं. भाऊ सोबत होता. पहिल्यांदा खूप बोलले, मलाच बोलले, अंगणात जाऊन बसले. मग भावानं कलम ११ चं आणि ते बालविवाहाचं मोबाइलवरूनच वाचून दाखवलं. रात्री मुलीजवळ जाऊन म्हणाले, लातूरला तुला सोडायला मीच येणार आहे. दिरांना पण त्यांनीच सांगितलं की स्थळाचा विषय आता काढायचा नाही.

स्क्रीनशॉट सगळे काढले, लिंक वहीत लिहिली, मग रिपोर्ट आणि ब्लॉक. नांदेडच्या भाऊनं सांगितलं तसं फॉलोअरची यादी बघितली, निम्म्याहून जास्त जणांना ती कधी भेटलेलीच नव्हती, सगळे काढले. त्याच यादीत अजून एक अकाउंट निघालं, तसंच नोट्स देतो म्हणणारं, आणि खोलीवरच्या दुसऱ्या मुलीला पण त्यानं मेसेज केलेत, तिनं घरी काही सांगितलेलं नाही. तिचे आईवडील जालना जिल्ह्यात असतात, मी त्यांना फोन करू का का आधी तिला विचारू?

आणि उद्या बीडला सायबर ठाण्यात जायलोत आम्ही दोघं, सोबत काय काय न्यावं लागेल?

शिरूरकासारकर:

आधी त्या पोरीला विचारा ताई, तुमच्या मुलीनंच विचारू द्या. तिला म्हणा मी सोबत आहे, तुझ्या घरी तू सांगतेस का मी सांगू. तिच्या माघारी फोन केला तर ती परत कोणाला काही सांगणार नाही. पण फार दिवस थांबू नका, दोन अकाउंट एकाच माणसाचे असतील तर तिला पण तशीच धमकी येऊ शकते.

वकीलताई_संभाजीनगर:

मुलीच्या वयाचा पुरावा न्या, दहावीचं सर्टिफिकेट आणि जन्मदाखला असेल तर दोन्ही, नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला, पॉक्सोमधे वय सिद्ध करणं सगळ्यात महत्त्वाचं असतं. तुमचं आणि मुलीचं आधार, झेरॉक्स सोबत ठेवा. सगळे स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग एका पेनड्राइव्हमधे घ्या, आणि तो मूळ मोबाइल पण न्या, त्यातलं काही डिलीट करू नका, फॉरमॅट मारू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तपास अधिकाऱ्याला त्याबद्दल विचारा. मोबाइल तपासासाठी ठेवून घेतला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय म्हणजे मोबाइलचा ओळख नंबर लिहिलाय का ते बघा, आणि जाण्याआधी क्लासचे नोट्स दुसरीकडं घेऊन ठेवा, मुलीचा अभ्यास अडायला नको.

घटना तारखेप्रमाणे एका कागदावर लिहून न्या, पहिला मेसेज कधी, फोटो कधी मागितला, धमकी कधी. दुसऱ्या अकाउंटचं युजरनेम पण त्याच तक्रारीत लिहा. मुलीला पहिल्या दिवशी न्यायलाच पाहिजे असं नाही, तुम्ही फिर्याद देऊ शकता, तिचा जबाब घरी घ्या असं लेखी म्हणा. तक्रार अर्ज देऊन या, बघतो, असं म्हणाले तर नुसत्या अर्जावर परत येऊ नका, गुन्हा नोंदवा म्हणा, पॉक्सोमधे नोंद न करणाऱ्या अधिकाऱ्यावरही कलम २१ खाली कारवाई होऊ शकते. आणि निघताना एफआयआरची प्रत मागून घ्या, ती मोफत मिळते. काही अडलं तर इथंच लिहा, मी दुपारनंतर बघते.